पालखी कुठं आली?

अण्णांनी शेवटचं विचारलं ते एवढंच, "पालखी कुठं आली?"

तीन दिवस त्यांची हाक ना हुंकार. किडन्या थांबल्या होत्या, डायलिसिस नको असं त्यांनीच आधी बजावून ठेवलेलं, म्हणून घरी आणलं होतं. चमच्यानं घातलेलं पाणी ओठाच्या कडेनं ओघळून यायचं. चौथ्या दुपारी त्यांनी डोळे उघडले, मला नावानं हाक मारली, उशी सरळ करून घेतली आणि हे विचारलं.

मी एकवीस वर्षं आयसीयूत नर्स आहे. असं अचानक टवटवीत झालेलं माणूस बघून नातेवाईक हरखतात, फोनाफोनी करतात, आणि आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघतो. दिवा विझताना मोठा होतो, असं आई म्हणायची. मिखाएल नाम या जर्मन जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये त्याला 'टर्मिनल ल्युसिडिटी' असं नाव दिलं. नाव मिळालं, कारण अजून सापडायचंय.

मी म्हटलं, "वाखरीला आली, अण्णा."

खोटं होतं ते. पालखी त्या दिवशी लोणंदहून तरडगावला चालली होती. पण वाखरी म्हणजे पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम, ऐकून त्यांना बरं वाटेल असं वाटलं.

"मग पोचलोच की," म्हणाले. डोळे मिटले. पहाटे गेले.

रक्ताचे रिपोर्ट मीच वाचले होते, काय होणार ते मला माहीत होतं. तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. तरडगाव म्हटलं असतं तर अण्णा आणखी आठ दिवस थांबले असते का? हा प्रश्न कुठल्या डॉक्टरला विचारणार? तीन वर्षं कुणालाच विचारला नाही. यंदा रजा टाकली, अण्णांच्या दिंडीत भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली आणि आळंदीहून निघाले. मी काही माळकरी नाही. बरोबर त्यांचे टाळ घेतले. बायकांच्या रांगेत टाळ घेतलेली मी एकटीच, आणि ठेका माझा पुण्यापर्यंत चुकतच होता.

दिवे घाटात एक तरुण मुलगा शेजारून चालू लागला. कंपनीतनं एका दिवसाची सुट्टी काढून आलेला, 'जगण्याचा अर्थ' शोधायला म्हणे. घाट चढेपर्यंत अर्थ सापडायला हवा, कारण सासवडहून त्याला परतीची गाडी होती. मी नर्स आहे कळल्यावर म्हणाला, "सिस्टर, हार्ट बंद पडून परत आलेली माणसं काय सांगतात हो?"

सांगितलं त्याला. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांत अशा ३४४ जणांना विचारलं होतं. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातल्या ६२ जणांना काहीतरी आठवत होतं. कुणाला उजेड, कुणाला बोगदा, कुणाला आधी गेलेली घरची माणसं. बाकीच्यांना काही नाही. पुढे २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठानं चौघांच्या मेंदूच्या लहरींची नोंद अभ्यासली. चौघंही कोमात, व्हेंटिलेटर काढलेला. दोघांच्या मेंदूत जाता जाता गॅमा लहरी एकदम उसळल्या. जाग्या, विचार करणाऱ्या माणसाच्या मेंदूत दिसतात तशा.

"म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं?"

"ते सांगायला दोघांतलं कुणी परत आलं नाही रे."

तो गप्प झाला. मग सेल्फी काढून पुढं गेला. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू.

लहरींपेक्षा मला दुसरंच आठवत राहिलं. कॅनडात २०२० मध्ये मरणाच्या दारातल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना नुसते सूर ऐकवले, तेव्हा काहींचा मेंदू धडधाकट माणसासारखा उत्तर देत होता. ऐकलेलं समजत होतं की नाही, ते त्यावरून कळत नाही. पण वॉर्डात आम्ही नव्या मुलींना पहिल्यापासून हेच शिकवतो, पेशंटच्या उशाशी वाटेल ते बोलू नका. आणि मी काय बोलले?

जेजुरीला भंडाऱ्यानं केस पिवळे झाले. वाल्ह्यापर्यंत टाचेला फोड. नीरेच्या पुलाजवळ दिंडीतल्या परभणीकडच्या आजींनी माझ्या पायाला तेल चोळलं. मी नको नको म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्याचे पाय चेपलेल्या बाईला आपले पाय कुणाच्या हातात द्यायची सवय नसते. त्यांना वाखरीचं सगळं सांगून टाकलं. आजी चोळत राहिल्या. "अन् खरं सांगायचं राह्यलं व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि दुसरा पाय ओढून घेतला.

लोणंदहून तरडगावचा टप्पा छोटा. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोडा धावत गेला तिथली माती लोकांनी कपाळाला लावली. मीही लावली, का ते विचारू नका.

संध्याकाळी तळावर समाजआरती. दिंड्या पालखीभोवती गोलात उभ्या. हजारो टाळ एकाच वेळी कडकडत होते, शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. चोपदारानं दंड वर केला आणि झटक्यात सगळं थांबलं. इतकी शांतता की लांब टँकरचा नळ गळताना ऐकू यावा. फक्त एका कोपऱ्यात टाळ वाजतच होते. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, ही इथली रीत. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मगच ते टाळ थांबतात. ती शांतता मला ओळखीची वाटली. त्या दुपारी घरात अशीच होती.

अण्णांचे टाळ मी छातीशी घट्ट धरले होते, चुकून वाजू नयेत म्हणून. चोपदार त्या कोपऱ्याकडे चालत गेले. तिथले टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याची पुकार सुरू झाली, एक चष्मा, एक मोबाईल, एक पिशवी.

मी हळूच म्हटलं, "अण्णा, तरडगावला आलीय. वाखरी अजून लांब आहे."