हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय? मग १५० तासांनंतरचं बोलूया

हेलिकॉप्टर उडवायचं ठरवलेले बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात: कमर्शियल लायसन्सला खर्च किती? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पैसे आणि चिकाटी असली की लायसन्स मिळतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते आणि चांगली तयारी असलेली मुलंमुलीही तिथेच अडकतात.

जगभरातून विद्यार्थी अमेरिकेत शिकायला जातात, म्हणून तिथले नियम उदाहरणादाखल घेऊ. कमर्शियल लायसन्सला (म्हणजे पैसे घेऊन उडवायच्या परवान्याला) किमान १५० तासांचं उड्डाण लागतं. टर्बाइन इंजिनाच्या मोठ्या हेलिकॉप्टरवरच्या पहिल्या नोकरीला मात्र कंपन्या साधारण १००० तास मागतात. हा आकडा बहुतेक वेळा कायद्यातून येत नाही, तो विमा कंपन्यांच्या अटींतून आणि ग्राहकांच्या करारांतून येतो. मधले साडेआठशे तास स्वतःच्या खिशातून उडवणं जवळपास कुणालाच परवडत नाही.

म्हणून नेहमीचा मार्ग इन्स्ट्रक्टर होण्याचा, शिकवता शिकवता तास जमतात. तिथेही एक मेख आहे. रॉबिन्सन आर२२ या शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या दोन आसनी हेलिकॉप्टरवर शिकवायचं तर हेलिकॉप्टरचे २०० तास, त्यातले किमान ५० आर२२ वरचे, असा खास नियम आहे. १५० तासांचेच पैसे जमवून आलेला विद्यार्थी लायसन्स खिशात असूनही ताटकळत बसतो. हिशेब पहिल्यापासूनच २०० तास अधिक इन्स्ट्रक्टर रेटिंग (शिकवण्याचा परवाना) असा धरा. फ्लाइंग स्कूल निवडताना विमानं किती नवी आहेत यापेक्षा सध्याचे किती इन्स्ट्रक्टर तिथेच शिकलेले आहेत, हे विचारा. आणि पूर्ण फी एकदम भरू नका. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी संस्था एकाएकी बंद पडली, तेव्हा असंख्य विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं आणि शिक्षण अर्धवट सुटलं.

वजनाचा विषय तर कुणी आधी काढतच नाही. आर२२ चं कमाल वजन ६२२ किलो, रिकामं मशीन साधारण ४०० किलो. उरलेल्या २२० किलोंत दोन माणसं आणि इंधन. दोघंही ९५ किलोंचे असतील तर इंधनाला ३० किलो उरतात, म्हणजे जेमतेम ४२ लिटर. तासाला ३० ते ३५ लिटर जातं. २० मिनिटांचं राखीव बाजूला काढलं की तासाभराचा धडाही धड पूर्ण होत नाही. अंगाने भारी इन्स्ट्रक्टरला स्कूल घ्यायला का कचरते, याचं उत्तर या गणितात आहे.

आर२२ चा रोटर (वरची फिरणारी पाती) हलका, त्यात साठलेली ऊर्जा थोडी. इंजिन बंद पडलं तर साधारण सेकंदाभरात कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी-जास्त करणारा दांडा) खाली जायलाच हवा. रोटरचे फेरे ९७ टक्क्यांखाली आले की हॉर्न वाजतो. ८० टक्के, अधिक दर हजार फूट उंचीमागे १ टक्का, याच्याखाली गेले तर पाती स्टॉल होतात, म्हणजे उचलून धरेनाशी होतात, आणि मग गेलेले फेरे परत मिळवता येत नाहीत. घाबरलेला विद्यार्थी नेमकं उलटं करतो: मशीन खाली जातंय म्हणून कलेक्टिव्ह वर ओढतो. पात्यांचा कोन वाढतो, अवरोध वाढतो, फेरे आणखी घसरतात. अशा वेळी शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरचा स्वतःचा अनुभव कधीकधी २०० तासांचाच असतो. ‘तास जमवायचं काम’ म्हणून याला हलक्यात घेणं मला पटत नाही. या क्षेत्रातल्या सर्वांत अवघड कामांपैकी हे एक आहे.

पुढच्या वाटा वेगवेगळ्या. समुद्रातल्या तेलविहिरींवर सहसा दोन पायलट असतात, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याचा परवाना) बहुतेक ठिकाणी लागतं, पाण्यात उलट्या बुडालेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि दोन-दोन आठवडे घराबाहेर राहायची तयारी हवी. एअर अॅम्ब्युलन्समध्ये रात्रपाळ्या. लांब दोराला भार लटकवून नेण्याच्या कामात दारातून खाली वाकून तासन्‌तास बघावं लागतं. त्यात कंबर जाते. हेडसेटखाली इअरप्लग घालायची सवय शिकत असतानाच लावून घ्या, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. आणि क्लास वन मेडिकल (पायलटांची सर्वांत कडक आरोग्य तपासणी) पहिली फी भरण्याआधी करून घ्या, नंतर नव्हे.

हवामानाचा दबाव कसा काम करतो, हे २६ जानेवारी २०२० च्या कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासासच्या अपघातात दिसलं. सिकोर्स्की एस-७६बी हे हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशाभ्रम झाला, नऊ जण गेले. पायलटकडे हजारो तासांचा अनुभव होता. तपासात ग्राहकाने किंवा कंपनीने घाई केल्याचा पुरावा सापडला नाही. पोहोचवायचंच, हा दबाव पायलटने बहुधा स्वतःच स्वतःवर घेतला होता, असा एनटीएसबीचा, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेचा, निष्कर्ष आहे. हेलिकॉप्टर मोकळ्या मैदानातही उतरवता येतं, तरी ढग खाली येत असताना पुढे जात राहण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो.

म्हणून मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर हेही विचारा: मध्येच उतरलो किंवा परत फिरलो तर ग्राहकाशी कोण बोलतं? आणि गेल्या वर्षभरात खराब हवामानामुळे किती उड्डाणं रद्द केलीत? ‘एकही नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर दुसरी कंपनी शोधा.