तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथपालांना युनियन कशाला?

'मॅडम, तुमचं काम शांततेचं, तुम्हाला कशाला हवी युनियन?' वाचक विचारतात, नातेवाईक विचारतात, सातपूरला कंपनीत असलेला माझा भाऊ तर दर दिवाळीला विचारतो.

त्याच्याकडे कसं, युनियन डिमांड देते, मॅनेजमेंट बोलणीला बसतं, करार होतो, पगार वाढतो. आम्ही बोलणी कुणाशी करायची? सार्वजनिक वाचनालय चालवते संस्था, पैसा बऱ्यापैकी येतो सरकारच्या अनुदानातून, 1967च्या ग्रंथालय कायद्यामुळे. पगार वाढवा म्हटलं की कार्यकारी मंडळ म्हणतं अनुदान वाढू दे मग बघू, आणि शासन म्हणतं तुम्ही संस्थेचे नोकर, आमचे नाही. म्हणजे मालक आहे त्याच्याकडे पैसा नाही आणि पैसा आहे तो मालक नाही.

आकडा सांगते. 2022-23ला अनुदान 60 टक्के वाढलं तेव्हा 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या वाचनालयाचं, 30 हजाराचं 48 हजार झालं, वर्षाचं हं, महिन्याचं नाही! त्यातलं निम्मं पगाराला धरा, म्हणजे महिन्याला दोन हजार. तेही दर महिन्याला हातात पडत नाहीत, अनुदान हप्त्यांनी येतं, तोवर किराणा उधारीवर. आणि एवढ्या पगारात पुस्तकांची नोंद, देवघेव, झाडलोट, तपासणीची दप्तरं सगळं एकच माणूस करतो, बरेचदा बाईच.

म्हणून आमची मागणी वेतनश्रेणीची आहे, नुसत्या अनुदानवाढीची नाही. ही काही आज सुचलेली गोष्ट नाही, ग्रंथालयांसाठी शासनानेच नेमलेल्या पत्की समितीने तशी शिफारस करूनही वीस वर्षं उलटून गेली.

मग संप करा, असं भाऊ म्हणतो. अहो, एकट्या माणसाचं वाचनालय बंद ठेवलं तर मुंबईत कुणाला कळणार? अडतात ते पेपर वाचायला येणारे आजोबा आणि स्पर्धा परीक्षेची पोरं, वर तपासणीत दिवस कमी भरले तर अनुदानावरच गदा. एकेकट्याने काही होतच नाही हो, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातून एकत्र येऊन आझाद मैदान नाहीतर अधिवेशनात नागपूर गाठावं लागतं.

नाशिकला वाचनालयाची परंपरा 1840पासूनची, सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकची, निवडणूक लागली की कुणाचं पॅनल येणार यावर चहाच्या टपरीवर चर्चा होते, मला त्याचा अभिमानच आहे. पण तुम्ही कुठल्याही वाचनालयाचे सभासद असाल तर पुढच्या वार्षिक सभेत एवढं विचाराच, ग्रंथपालाला महिन्याला किती देता आणि कधी देता? आम्ही विचारलं तर नोकरीवर येतं, तुम्ही विचारलंत तर इतिवृत्तात नोंद होते.