चार मात्रा

पहिल्या वेळी चौथ्या मिनिटालाच मी मदत मागायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. मानेचा एमआरआय, म्हणजे डोकं थेट बोगद्यात आणि तोंडावर पिंजऱ्यासारखी कॉइल. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या सेंटरने हेडफोन दिले होते, पण त्यात एफएम. जीव गुदमरतोय आणि कानात घोडबंदर रोडच्या फ्लॅटची जाहिरात! बाहेर काढलं तेव्हा बनियन चिंब. परतताना रिक्षात ही एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

भाची भूल देणारी डॉक्टर आहे. म्हणाली, "मामा, आपलं गाणं घेऊन जा." ऑपरेशनआधीच्या धास्तीवर संगीताचे २६ अभ्यास वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१३ साली एकत्र तपासले होते, दोन हजारांवर पेशंट. गाणं ऐकणाऱ्यांची धास्ती कमी भरली. "एमआरआयचं नाहीये हं ते," तिनेच बजावलं, "पण बघ लावून."

कोणतं गाणं? ही म्हणाली बासरी. बासरीने मला डुलकी लागते आणि डुलकीत मी दचकतो. शेवटी तबल्याच्या रियाजाचा लेहरा घेतला, म्हणजे ताल धरायला पुन्हापुन्हा वाजणारी एकच सुरावट. पेटीवर सोळा मात्रांचा तीनताल, मिनिटाला ६० मात्रा. म्हणजे एक आवर्तन १६ सेकंदांचं. वीस मिनिटांची ७५ आवर्तनं. एवढी तर मी बसल्या बैठकीला करतो.

या वेळी पाचपाखाडीत गेलो. फोन आत नेता येत नाही, तो बाहेर टेक्निशियनच्या टेबलावर जोडला. साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो, म्हणून इथे आवाज हवेच्या नळीतून कानापर्यंत येतो. थोडा डब्यातून आल्यासारखा.

"काका, हे एकच सारखं वाजतंय, चालेल ना?"

"तेच हवंय."

मशीन सुरू झालं आणि लेहरा गडप. आतल्या कॉइलमधला करंट झपाझप बदलतो, प्रचंड चुंबकात त्या कॉइलना हिसके बसतात, त्याचा हा दणदणाट. शंभर डेसिबलच्या वर जातो म्हणे. डोळे मिटून मी मनातच धा धिं धिं धा चालू ठेवलं. बोटं मांडीवर आपटायची नाहीत, हलायचं नाही, हे तबलजीला सांगणं सोपं आहे!

दणदणाट थांबला. लेहरा पुन्हा कानावर आला तेव्हा तो 'खाली'वर, म्हणजे नवव्या मात्रेवर होता, मी अकराव्या. लय वाढवली होती. गुरुजी असते तर मांडीवर थाप बसली असती. पुढच्या सिक्वेन्सची, म्हणजे मशीनच्या पुढच्या दणदणाटाची, चक्क वाट बघितली. या वेळी एकाच मात्रेचा फरक. तिसऱ्यांदा बरोबर आलो. चौथ्याला मात्र मशीनचा ठोका दीडपटीत पडायला लागला आणि पार वाहवत गेलो. तोंडावरच्या पिंजऱ्याची आठवण झाली ती तेवढ्यापुरतीच.

पाचव्यानंतर लेहरा आणि मी जुळलेले. समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालो होतो, तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज: "काका, झालं."

तेरावी मात्रा होती. चार मात्रा थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?