डिक्लाइन म्हणजे नकार की घसरण?

मागच्या महिन्यात मी आणि आत्तेभाऊ आत्याची हॉस्पिटलची फाईल वाचत बसलो होतो, त्यात एका पानावर लिहिलेलं होतं ‘पेशंट डिक्लाइन्ड फिजिओथेरपी’. तो एकदम गप्पच झाला. म्हणाला, अगं बघ, फिजिओथेरपीने आईची तब्येत अजून खालावली असं लिहिलंय आणि आपल्याला कोणी सांगितलं पण नाही. मी परत वाचलं तर तसं काही नव्हतं, आत्याने व्यायामाला नकार दिला होता एवढंच. पण त्या दोन मिनिटांत त्याचा चेहरा जो उतरला तो माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

साधी खूण अशी की डिक्लाइनच्या पुढे लगेच एखादी गोष्ट आली, आमंत्रण, ऑफर, उपचार, तर तो नकार. नुसतंच ‘हेल्थ इज डिक्लाइनिंग’ असेल तर घसरण. हा नकार रिफ्यूजपेक्षा मवाळ असतो. आरोप नाकारायला मात्र डिक्लाइन चालत नाही, तिथे डिनाय.

आकडे असले की अजून एक घोळ होतो. वजन ५२ किलोवरून ४८ वर आलं तर ‘डिक्लाइन्ड बाय ४’ म्हणजे ४ किलोनी घटलं आणि ‘डिक्लाइन्ड टू ४८’ म्हणजे ४८ वर आलं. बाय आणि टू मध्ये गडबड झाली की सगळा अर्थच बदलतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कलणं, बाजूला वळणं. तोंड वळवलं की नकार, खाली कललं की उतार, असे दोन्ही अर्थ त्यातूनच आले. (क्लिनिक हा शब्दसुद्धा कलण्याशीच नातं सांगतो, ग्रीकमधल्या ‘पलंग’ या शब्दावरून आलाय.) आणि लॅटिनमध्ये नामाची विभक्ती रूपं करण्यालाही इंग्रजीत डिक्लाइनच म्हणतात, कारण जुन्या व्याकरणकारांना ती रूपं मूळ शब्दापासून खाली कललेली वाटायची. आपण संस्कृतच्या तासाला काय म्हणायचो? शब्द चालवा. देवः देवौ देवाः. त्यांचा शब्द कलतो आणि आपला चालतो, हे मला फार आवडतं.

म्हणूनच डिक्लाइन दिसलं की सरसकट ‘घट’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. तब्येत खालावते, शाळेची पटसंख्या रोडावते, पूर ओसरतो, विहीर आटते, भाव घसरतात, ताप उतरतो, घराण्याला उतरती कळा लागते. ताप उतरला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं, तिथे घट म्हणून कसं चालेल!

आत्याला मी नंतर विचारलं, व्यायामाला नाही का म्हणालीस गं? तर म्हणाली, “अगं गुडघा इतका ठणकत होता, मी त्या पोरीला हात जोडून म्हटलं, बाई आज नको, उद्या ये.”

फाईलमध्ये ‘उद्या ये’ कुठेच नव्हतं.