'सलग' काढल्यावर

२५ मे २००५, बुधवार. नट आणि खासदार सुनील दत्त सकाळीच वांद्र्याच्या घरी झोपेत वारले, त्यामुळे आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कला मृत्युलेखासाठी अख्खा दिवस मिळाला. असा दिवस मिळाला की चुका उलट वाढतात. कॉपीवरून हात फिरवणारे वाढतात ना!

पहिल्याच कॉपीत 'उत्तर मुंबईचे खासदार'. ते गोविंदा, २००४ ला राम नाईकांना हरवून आलेले. दत्त वायव्य मुंबईचे. शेजारचे मतदारसंघ, दोन्हीकडे काँग्रेस, दोन्हीकडे नट. घाईत गफलत होतेच. १९८२ चं 'शेरीफ'पद कुणीतरी परस्पर 'महापौर' करून टाकलेलं. शेरीफपद मानाचं, अधिकार काही नाही. आणि 'सुनिल', ऱ्हस्व! तेव्हा प्रत्येक विभागाचा फॉन्ट वेगळा, एका फटक्यात शोधून बदलायची सोय नाही. प्रिंट काढायची, लाल पेनाने नि दीर्घ करायचा, ऑपरेटरकडे द्यायची, पुन्हा प्रिंट.

खरी गोची 'सलग पाच वेळा खासदार'ने केली. चौकटीसाठी वर्षं मांडली: १९८४ (समोर राम जेठमलानी), १९८९, १९९१, मग एकदम १९९९ आणि २००४. पाच बरोबर, सलग चूक. १९९६ आणि १९९८ ला तिथून शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले. दत्त उभेच नव्हते. कात्रणांच्या पाकिटात 'सलग' कुठेही नव्हतं, ते वार्ताहराच्या डोक्यातलं. आमदार-खासदारांचे आकडे आमचे लोक तपासतात, नटांचे नाही. नट म्हणजे आपल्या घरचाच वाटतो.

डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी आधीची आवृत्ती, 'सलग'सकट गेली. शहर आवृत्तीत शब्द काढला, आणि १९९६ ते १९९९ ही मधली वर्षं उघडी पडली. का लढले नाहीत? मुलावर, संजय दत्तवर, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचा खटला, निकाल अजून लागायचा होता. मृत्युलेखात ते नको, असं वरून सांगणं आलं. 'कौटुंबिक कारणांमुळे' मला नको होतं; वाचणाऱ्याला आजारपण वाटलं असतं. जागा उरली होती एका ओळीची. 'मधल्या दोन निवडणुका त्यांनी लढवल्या नाहीत' एवढंच लिहून पान सोडलं. कारणाशिवाय.

१९८७ च्या मुंबई ते अमृतसर पदयात्रेला मात्र तीन कॉलम मिळाले, फोटोसकट. तिथे कुणाचीच हरकत नव्हती.