ढेपेची केस

एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांनी विचारलं, फर्स्ट इयरच्या पोरांचं कॉन्ट्रॅक्टचं ट्युटोरियल घेशील का, मी हो म्हटलं आणि तिथून हे टीचिंग असिस्टंट प्रकरण सुरू झालं. आई शेजारच्या मावशींना सांगते पोरगी कॉलेजात शिकवते, मावशी विचारतात पर्मनंट झाली का, आणि विषय तिथंच संपतो.

आमच्या जळगावात तीन वर्षांच्या लॉच्या वर्गात कोण नसतं. नुकतीच बीकॉम झालेली पोरं, यावल-चोपड्याहून एसटीने येणाऱ्या पोरी, आणि पहिल्या बाकावर साठीचे एक काका, रिटायर झाल्यावर वकील व्हायचं म्हणून अमळनेरहून रेल्वेने येतात. मला मॅडम म्हणतात. पहिले दोन आठवडे मला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की मी त्यांच्याकडे न बघताच शिकवायचे.

पाठांतरात हे सगळे एक नंबर. करार कायद्याचं कलम 10 विचारा, मुक्त संमती, सक्षम पक्ष, कायदेशीर मोबदला, धडाधड. पण एखादा प्रसंग देऊन सांगा करार झाला का, की वहीत एक ओळ येते, "म्हणून वादीला न्याय मिळाला पाहिजे." अरे पण का? एका वहीत मी लाल पेनने इतक्यांदा "का?" लिहिलं की त्या पोराने शेवटी खाली लिहून दिलं, मॅम तुम्हीच सांगा. केस म्हणजे गोष्ट आणि त्यात जो बिचारा तो जिंकला पाहिजे, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ते काढणं हेच खरं काम, कलमं काय गाईडमध्ये पण मिळतात.

लंडनच्या केसेस सांगितल्या की वर्ग झोपतो. मग एकदा 1966 च्या रिपोर्टमधली सुप्रीम कोर्टाची भगवानदास केडियाची केस घेतली. खामगावची पार्टी, अहमदाबादचे व्यापारी, 1959 साली ट्रंक कॉलवर सरकी ढेपेचा सौदा. ढेप म्हटल्याबरोबर मागून आवाज, "मॅडम, आपन ढोरेसले टाकतस तीच ना?" तीच रे बाबा, गुरांना घालतात ती. सगळा वर्ग जागा. खामगाव म्हणजे काय, भुसावळच्या पुढे, कोणाची आत्या तिथली कोणाचा मामा तिथला.

तर अहमदाबादहून ऑफर, खामगावहून फोनवर होकार, माल आला नाही, आणि खरेदीदाराने दावा टाकला अहमदाबादला. खामगाववाले म्हणाले करार आमच्याकडे झाला, आमच्यावर तिकडे दावा कसा? आणि इथं मी माती खाल्ली. आदल्या आठवड्यात पत्राचा नियम शिकवला होता, होकाराचं पत्र पोस्टात पडलं की ऑफर करणारा बांधला जातो आणि करार तिथंच होतो, त्याच जोरात मी फळ्यावर लिहून टाकलं, होकार खामगावात दिला म्हणून करार खामगावात. वर मोठ्ठा बाण.

तिसऱ्या बाकावरची एक पोरगी, एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल एवढंच बोलते, हात वर करून म्हणाली, "मॅम, जजमेंटमध्ये उलटं आहे." तिने मोबाईलवर अख्खं जजमेंट उघडलेलं. आणि होतंच उलटं. फोनवर दोघं समोरासमोर असल्यासारखे बोलतात, त्यामुळे होकार जिथं ऐकू आला तिथं करार, म्हणजे अहमदाबादला. पत्राचा नियम फोनला लागत नाही. मी डस्टर घेऊन बाण पुसला, खडूची पांढरी रेघ मात्र राहिलीच, तास संपेपर्यंत मला तीच दिसत होती.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं, वाटलं आता गेलं ट्युटोरियल. सर चहा ढवळत म्हणाले, "तीन जजेस होते. दोघे अहमदाबाद म्हणाले, एकटे जस्टिस हिदायतुल्ला खामगाव म्हणाले. म्हणजे तू चांगल्या संगतीत आहेस, फक्त मायनॉरिटीत." घरी जाऊन ते अल्पमत पहिल्यांदा नीट वाचलं (हो, पहिल्यांदा, एलएलबीला नोट्सवर भागवलं होतं). आपला करार कायदा 1872 चा आणि बेलचं टेलिफोनचं पेटंट 1876 चं, म्हणजे होकार कधी पोचला धरायचा ते सांगणारं कलम 4 लिहिताना फोन हा प्रकारच नव्हता, सगळं भांडण तिथून. हिदायतुल्ला म्हणतात कायद्याचे शब्द आहेत तसे लावा, बाकीचे दोघे म्हणतात त्या शब्दांत फोन धरलेलाच नव्हता.

पुढच्या तासाला वर्गाचे दोन भाग केले, एक अहमदाबाद, एक खामगाव, आणि सांगितलं "न्याय मिळाला पाहिजे" हे वाक्य जो वापरेल तो बाद. पाऊण तास नुसता कल्ला. त्या वर्षात तेवढ्या एका तासाला माझं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. व्हॉट्सअपवर होकार दिला तर करार कुठं, ब्लू टिक आली तिथं का, हे पण निघालं आणि मी शहाण्यासारखी म्हटलं, वाचून सांगते.

परवा रात्री काकांचा फोन. "मॅडम, उद्या ट्युटोरियल साडेदहाला घ्याल का? परतीच्या गाडीचं जमत नाही."

"घेते की काका."

"ऐकू आलं बरं का मला इथं. म्हणजे करार अमळनेरात. आला नाहीत तर दावा आमच्या कोर्टात."

म्हटलं, "आणि मोबदल्याचं काय?"

जरा वेळ शांत. मग म्हणाले, "भरीताची वांगी आणतो."

आणली. दोन किलो.