पाहुणे कुठल्या रस्त्याने आणायचे?

पुण्यात पाहुणे येणार म्हटलं की चादरी बदलायच्या, बाकरवडी आणून ठेवायची आणि त्यांना घरी कुठल्या रस्त्याने आणायचं ते ठरवायचं. पहिल्या दोन कामांची चर्चा होते, तिसरं आपोआप ठरतं. सिंहगड रस्त्यावरून आमच्याकडे वळायला दोन गल्ल्या आहेत. कालव्याच्या कडेची जवळ पडते. पण सोबत पाहुणे असले की आम्ही रिक्षा लांबच्या गल्लीत घालायला लावतो आणि वर सांगतो, "इकडून झाडी छान आहे." झाडी दोन्हीकडे सारखीच आहे. जवळच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग असतो, एवढाच काय तो फरक.

माझी मामेबहीण इंदूरची. तिचं शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येत आलंय आणि हे सांगायला इंदूरचा मराठी माणूस पोह्यांवर शेव पडेपर्यंतही थांबत नाही. गेल्या खेपेला रिक्षावाला ऐकेना, त्याने सरळ जवळच्या गल्लीत रिक्षा घातली. ताईने ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथे गाडी येत नाही का गं?"

गाडी येते! घंटागाडी येते, शिवाय 'स्वच्छ'च्या मावशी दारातून ओला-सुका वेगवेगळा घेऊन जातात. सांगताना माझा आवाज उगाचच चढला. कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातूनच २००८ साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली, हा सगळा इतिहास मी रिक्षा थांबेपर्यंत तिला ऐकवला. ती शांतपणे म्हणाली, "मग हे कोण टाकतं?"

आमच्या सोसायटीत याचं उत्तर पाठ आहे. बाहेरचे टाकतात. बाहेरचे म्हणजे कोण, हे बोलणाऱ्यावर ठरतं. पेठेतून इकडे राहायला आलेल्यांच्या मते ही उपनगरातली सवय. उपनगरात मुरलेल्यांच्या मते आयटीतले भाडेकरू. भाडेकरूंच्या मते पलीकडची वस्ती. वस्तीतल्यांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.

ढीग मात्र फार बोलका आहे, जरा जवळ जाऊन बघायचं धाडस हवं. कुरिअरच्या खोक्यांवर नाव, विंग, फ्लॅट नंबर आणि ४११ ने सुरू होणारा पिनकोड स्वच्छ वाचता येतो. शहाळी असतात, फोडलेल्या बाथरूमचा राडारोडा असतो, सध्या एक गादीही आहे. निर्माल्याची पिशवी कधीच जमिनीवर नसते. ती कालव्याच्या जाळीला अडकवलेली असते, कारण पायदळी यायला नको! आणि पिशव्यांच्या गाठी बघाव्यात. दोन्ही कान वर काढून, घट्ट, आत काही सांडू नये अशी बेताने मारलेली गाठ. ही बेफिकीर माणसाची गाठ नव्हे. ज्याला गाडीच्या पायरीवर एक थेंबही सांडलेला चालत नाही, त्याची आहे.

आमच्या मावशींना यात नवल वाटत नाही. "सकाळी सातला हिंजवडीला निघणारे टाकतात हो. मी येते साडेआठला. रात्रीचं घरात ठेवायचं म्हणजे वास येतो त्यांना. आणि डायपर कागदात न गुंडाळता दिलं तर मी बोलते. ढीग काय, बोलत नाही."

मध्यंतरी त्या भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या. गणपती, साईबाबा, शेजारी एक क्रॉस आणि मक्का-मदिना. भांडण नको म्हणून सगळे. ढीग चार फूट सरकला. स्कूटरवरून जाता जाता उजवा हात छातीला लावून नमस्कार करायचा आणि पुढे जाऊन डाव्या हाताने पिशवी सोडायची, हे कसब मी याच गल्लीत पाहिलंय. मग पुढच्या भिंतीवर पाटी आली. पाटीची भाषा अर्थातच पुणेरी, टाकणाऱ्याच्या संस्काराचा उद्धार करणारी. लोक तिचे फोटो काढतात आणि फोटोत ढीग येणार नाही याची काळजी घेतात.

सरकवण्यात आपलं शहर तसं जुनं आहे. एकेकाळी सगळ्या शहराचा कचरा कोथरूडला पडायचा, तिथल्या बसस्टॉपचं नावच 'कचरा डेपो' होतं. वस्ती वाढली, कोथरूडकरांनी आवाज केला आणि नव्वदच्या दशकात सगळं उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेलं. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात आणि वनाझचं स्टेशन आपण कौतुकाने दाखवतो. फुरसुंगीच्या वाट्याला काय आलं? नासलेलं विहिरींचं पाणी, टँकर, आणि गावाच्या नावामागे कायमचा चिकटलेला 'कचरा डेपो' हा शब्द. टाकणारे आपण, नाव त्यांचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच राहिला आणि पेठांमधून लोक नाकाला रुमाल लावून फिरले. दिवसाला दोन हजार टनांच्या घरात कचरा करणाऱ्या शहराला तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा वास आला असावा. गाड्या सुरू झाल्या आणि विसरूनही गेलो.

ताईला हे सगळं सांगितलं नाही. तेवढं शहाणपण आहे.

ती परत गेल्यावर मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, कारण कोपऱ्याकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात एकदाचा माणूस सापडला होता. 'बाहेरचा' पकडला म्हणून झाडून सगळे जमले, एरवी कोरमसुद्धा होत नाही. सेक्रेटरींनी क्लिप लावली. सकाळचे पावणेसात, हेल्मेट, स्कूटरच्या हुकाला दोन पिशव्या. चेहरा दिसत नव्हता. नंबरप्लेटही नाही. पण पुढच्या काचेवरचा आमच्याच पार्किंगचा हिरवा स्टिकर झकास दिसत होता.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बी विंगमधले काका म्हणाले, "ग्रुपवर टाकू नका. लगेच फॉरवर्ड होईल, सोसायटीचं नाव खराब व्हायचं." यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. कॅमेरा आता पार्किंगकडे वळवलाय. तिथे हल्ली पेट्रोल चोरीला जातं म्हणतात. बाहेरचे येतात.